विजेच्या गाड्या आणि अंगण नसलेली माणसे

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला केळीच्या बागा, पानवेली आणि फुलांच्या वाड्या यांच्या मधोमध वसलेले निर्मळ हे दिसायला गाव असले, तरी कागदोपत्री ते शहर आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन करण्यात आली आणि हा सारा पश्चिम पट्टा शहरात मोजला जाऊ लागला. गावे महापालिकेत असावीत की नसावीत, यावरून झालेली आंदोलने, निघालेल्या अधिसूचना आणि कोर्टकचेऱ्या यांचा इतिहास मोठा आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु कागदावरचे शहर आणि प्रत्यक्षातले गाव यांच्यातील फट एरवी फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते एखादी नवी सोय यावयाची असते तेव्हा. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी सार्वजनिक चार्जिंगची सोय ही अशीच एक नवी सोय आहे, आणि निर्मळसारख्या ठिकाणी ती कोणत्या स्वरूपात यावी, याचा विचार आजवर झालेल्या धोरणांत फारसा आढळत नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शहराच्या नकाशावर तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद अशा चौकटी आखाव्यात, प्रत्येक चौकटीत निदान एक केंद्र असावे आणि महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला दोन्ही बाजूंस एकेक केंद्र असावे, असे त्यांत म्हटले होते. सप्टेंबर २०२४ च्या सुधारित सूचनांनी ही चौकट अधिक बारीक केली. २०३० पर्यंत शहरी भागात दर एक किलोमीटरच्या चौकटीत एक केंद्र, असे उद्दिष्ट आता आहे. नकाशावर चौकटी आखण्यात एक सोय असते. चौकटीत माणसे किती, त्यांच्याकडे वाहने कोणती, ती दिवसा कोठे उभी असतात आणि रात्री कोठे, हे प्रश्न विचारावे लागत नाहीत. चौकटीत एक ठिपका पडला की उद्दिष्ट पुरे होते.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या विद्युत वाहन धोरणात शहरवार आकडे दिलेले होते. २०२५ पर्यंत सात नागरी समूहांत मिळून २,३७५ चार्जिंग केंद्रे उभारावयाची होती: बृहन्मुंबईत १,५००, पुण्यात ५००, नागपुरात १५०, नाशकात १००, औरंगाबादेत ७५, अमरावतीत ३० आणि सोलापुरात २०. या यादीत वसई-विरारचे स्वतंत्र नाव नाही. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक वस्ती नोंदविलेले हे शहर सोलापूर व अमरावती या दोन्ही शहरांपेक्षा मोठे आहे. जनगणनेने त्याला बृहन्मुंबईच्या नागरी समूहात धरलेले नाही, मुंबई महानगर प्रदेशात मात्र ते येते. तेव्हा बृहन्मुंबईच्या दीड हजारांत वसई-विरारचा वाटा धरला होता की नव्हता, आणि धरला असल्यास तो किती, हे धोरणातील आकड्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. मोठ्या शहराला खेटून असलेल्या शहरांचे हे नेहमीचे दुर्दैव आहे. त्यांची माणसे मोठ्या शहरात जाऊन राबतात आणि त्यांच्या गरजा मोठ्या शहराच्या आकड्यात विरघळून जातात. शिवाय हे धोरण ज्या वर्षांत अमलात यावयाचे होते, त्याच वर्षांत वसई-विरारमध्ये लोकनियुक्त सभागृहच नव्हते. महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आपल्या प्रभागात चार्जिंगची सोय का नाही, असा प्रश्न सभागृहात उठवील असा नगरसेवक त्या काळात निर्मळला नव्हता आणि विरारलाही नव्हता.

देशभरात डिसेंबर २०२४ अखेर सुमारे पंचवीस हजार सार्वजनिक चार्जिंग केंद्रे होती. कर्नाटक ५,७०० हून अधिक केंद्रे घेऊन पहिल्या क्रमांकावर होते. महाराष्ट्र ३,७०० हून अधिक केंद्रांसह दुसऱ्या. हे आकडे वृत्तपत्रांत छापून आले, त्यांवर अभिमानाची आणि निराशेची अशी दोन्ही प्रकारची भाष्ये झाली. पण केंद्रांची संख्या मोजण्यापूर्वी, ती कोणासाठी आहेत हे पाहणे अगत्याचे होते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात जवळजवळ वीस लाख विद्युत वाहनांची नोंदणी झाली. त्यांत साडेअकरा लाखांच्या आसपास दुचाकी होत्या, सात लाखांच्या आसपास तीनचाकी होत्या आणि मोटारी होत्या लाखाच्या किंचित वर. म्हणजे विजेवर चालणारे वाहन असे म्हटल्यावर भारतात डोळ्यांपुढे यावयास हवी ती स्कूटर आणि रिक्षा. धोरणे आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बहुतेक वेळा मोटार आलेली दिसते.

आता निर्मळकडे वळून पाहावे. येथील जुन्या वाडीवाल्या कुटुंबाचा, मग ते ख्रिस्ती असो वा हिंदू, प्रश्न फारसा अवघड नाही. घराला ओटा आहे, ओट्यापुढे अंगण आहे, अंगणात गाडी उभी राहते. पंधरा अँपिअरचा एक पॉइंट बाहेर काढून घेतला की रात्रभरात स्कूटर भरते. नेहमीच्या विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारणतः दोन ते चार युनिटांची असते आणि तेवढ्यावर ती सत्तर ते शंभर किलोमीटर धावते. लहान मोटारीची बॅटरी वीस ते तीस युनिटांची. तिला घरच्या पॉइंटवर आठ-दहा तास लागतात, पण रात्र तेवढी मोठी असतेच. अशा कुटुंबाला सार्वजनिक केंद्राची गरज वर्षातून चार-दोन वेळा, लांबच्या प्रवासाला निघाल्यावर पडेल.

गरज आहे ती दुसऱ्यांना. वाडीच्या कडेला बांधलेल्या चाळीत भाड्याने राहणारा शिक्षक, नालासोपाऱ्याच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतलेला कारकून, दुसऱ्याची रिक्षा रोजाने चालविणारा तरुण, पहाटे फुलांच्या करंड्या टेंपोत घालून स्टेशन गाठणारा लहान बागाईतदार यांच्यापाशी गाडी आहे किंवा उद्या येईल. पण तिला उभे राहावयास स्वतःची जागा नाही. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीला तिसऱ्या मजल्यावरची वीज द्यावयाची कशी? कोणी खिडकीतून वायर खाली सोडतो, कोणी सुटी होणारी बॅटरी पिशवीत घालून जिन्याने वर नेतो आणि झोपण्याच्या खोलीत भरावयास लावतो. पावसाळ्यात पहिला प्रकार धोक्याचा आणि दुसरा बाराही महिने. सोसायटीच्या मीटरवरून वीज घ्यावी तर इतर सभासद विचारतात की, तुझ्या गाडीचे बिल आम्ही का भरावे. आणि त्यांचे म्हणणे चूक म्हणता येत नाही. वेगळा मीटर घ्यावयाचा तर भाडेकरूला घरमालकाची संमती हवी. नव्या इमारतींत काही टक्के वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याचे नियम आता आले आहेत, पण नालासोपारा-विरारच्या बहुसंख्य इमारती त्याआधीच्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशांना वाहनतळ असा नाहीच.

सार्वजनिक चार्जिंगची गरज या माणसांना रोजची आहे. वाहन महागाचे असो वा स्वस्त, ज्याला अंगण आहे त्याची वीज घरात येते. ज्याला अंगण नाही त्याला ती बाहेर विकत घ्यावी लागते, आणि बाहेरची वीज घरच्या विजेपेक्षा महाग पडते. ती महाग का पडते, याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे.

२००३ च्या विद्युत कायद्यानुसार वीज विकण्यास परवाना लागतो. चार्जिंग केंद्र चालविणारा वीज विकतो असे मानले असते, तर प्रत्येक केंद्राला परवाना लागला असता आणि कोणी त्या वाटेला गेले नसते. म्हणून ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी खुलासा केला की, बॅटरी भरून देणे ही विजेची विक्री नव्हे, ती एक सेवा आहे. खुलासा शहाणपणाचा होता. त्यामुळे कोणालाही हा व्यवसाय मोकळा झाला. पण शब्दाला दोन धारा असतात. विजेच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही, सेवेवर आहे. कर्नाटकातील एका वीज वितरण कंपनीने २०२३ मध्ये या बाबत अग्रिम निर्णय मागितला, तेव्हा चार्जिंग ही सेवाच असल्याने तिच्यावर १८ टक्के कर लागेल, असा निवाडा मिळाला. म्हणजे ज्या शब्दाने परवान्याचे दार उघडले, त्याच शब्दाने कराचे दार लावून घेतले. विजेच्या गाडीवर कर पाच टक्के, ती भरण्याच्या यंत्रावर पाच टक्के आणि त्या यंत्रातून मिळणाऱ्या सेवेवर अठरा. अंगणात गाडी भरणारा मोटारमालक राज्याचे विद्युत शुल्क तेवढे देतो. नाक्यावर स्कूटर भरणारा भाडेकरू त्यावर हा अठरा टक्क्यांचा करही देतो. करांच्या बाबतीत समन्यायाचा विचार शिकविताना अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके नेहमी मीठ-साखरेची उदाहरणे देतात. यापुढे त्यांनी हे उदाहरण घेण्यास हरकत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी यांच्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पेट्रोलची स्कूटर त्यामुळे स्वस्त झाली आणि विजेच्या स्कूटरशी असलेले तिच्या किमतीचे अंतर बदलले. चार्जिंगचा कर तसाच राहिला. अंगण नसलेल्या माणसाने पेट्रोलच्या गाडीकडे परत वळावे, अशी कोणाची इच्छा नसेलही. पण हिशेब त्याच दिशेने ढकलतो आहे.

केंद्रांच्या उभारणीसाठी शासनाने पैसा खर्च केला नाही असे मुळीच नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन सार्वजनिक तेल कंपन्यांना त्यांच्या पेट्रोल पंपांवर ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रे उभारण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या नव्या केंद्रीय योजनेत चार्जिंगसाठी दोन हजार कोटी रुपये राखून ठेवलेले आहेत. पेट्रोल पंप ही जागा निवडण्यामागचा विचार उघड आहे. गाडीत इंधन भरावयास माणूस पंपावर जातो, तर वीजही तेथेच भरील. पण हा विचार पेट्रोलच्या सवयीतून आलेला आहे. पेट्रोल पाच मिनिटांत भरते म्हणून ते भरावयास कोठेतरी जावे लागते. वीज सावकाश भरते. म्हणून गाडी जेथे उगीच उभी असते तेथे वीज आली पाहिजे. पंपावर वीज भरावयाची तर ती जलद भरली पाहिजे, आणि जलद भरण्याची यंत्रे फार महाग असतात.

या दोन यंत्रांचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. साठ किलोवॅटचे एक जलद यंत्र जोडणीसह दहा लाख रुपयांना पडते असे धरले, आणि जागेचे भाडे, दुरुस्ती, व्याज हे सारे बाजूस ठेवून युनिटमागे सहा रुपये सुटतात असेही धरले, तर नुसते भांडवल फिटण्यास एक लाख सहासष्ट हजार युनिटे विकावी लागतील. एक मोटार पंचवीस युनिटे घेते. दिवसाला तीन मोटारी आल्या तर भांडवल फिटण्यास सहा वर्षे लागतात. निर्मळच्या नाक्यावर दिवसाला तीन मोटारी अशा येतील काय? मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येतील. पण महामार्ग पूर्वेला, निर्मळ पश्चिमेला आणि मध्ये रेल्वेमार्ग. महामार्गावरचे केंद्र गुजरातला जाणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे, ते तेथे असावेच. निर्मळच्या भाडेकरूने मात्र आपली स्कूटर तेथे नेऊन भरावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. शिवाय खेड्यांत आणि उपनगरांच्या कडेला सर्रास दिसणारे रोहित्र शंभर केव्हीएचे असते. साठ किलोवॅटचे एक यंत्र त्याचा निम्म्याहून अधिक भार एकटे खाते. त्यासाठी वेगळे रोहित्र बसवावे लागते आणि खर्च आणखी वाढतो.

याउलट स्कूटर भरणारा चार्जर सात-आठशे वॅटचा असतो, कपड्यांच्या इस्त्रीएवढा. एका नाक्यावर अशा चार गाड्या एकाच वेळी लावल्या तरी रोहित्राला त्याचे काही वाटत नाही. आणि यासाठी लागणारे उपकरण ठरविण्याचे काम झालेले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. नीती आयोग, केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि भारतीय मानक ब्यूरो यांनी मिळून २०२१ मध्ये हलक्या वाहनांसाठी स्वस्त चार्जिंग पॉइंटचे भारतीय मानक तयार केले. तीन किलोवॅटपर्यंत वीज देणारा, मोबाइल फोनवरून चालू-बंद होणारा आणि किती युनिटे गेली हे मोजणारा हा पॉइंट साडेतीन हजार रुपयांच्या आत मिळावा, असे लक्ष्य त्यात ठेवले होते. तो कोठे बसवावा याच्या यादीत रेल्वे स्थानके, रुग्णालये आणि इमारती यांच्याबरोबर किराणा दुकानांचाही उल्लेख होता. सरकारी कागदात किराणा दुकानाचे नाव येणे ही दुर्मिळ घटना म्हणावी लागेल; तेथे ते आले, पण अनुदानाच्या योजनांत पंपांना जे स्थान मिळाले ते त्याला मिळाले नाही.

किराणा दुकानात वीज विकावयाची ही कल्पना ज्यांना हास्यास्पद वाटेल, त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. मोटारीचे आद्य संशोधक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ १८८८ च्या ऑगस्टमध्ये मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या, तेव्हा वाटेत इंधन संपल्यावर त्यांनी ते वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून विकत घेतले. पेट्रोल पंप नावाची वस्तू तेव्हा जगात नव्हती. दुसरी गोष्ट घरची आणि अलीकडची. १९८० च्या दशकात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. सामान्य माणसाला परगावी फोन करता आला तो घरी फोन आल्यामुळे नव्हे. नाक्यानाक्यावर, पानाच्या आणि वाण्याच्या दुकानांत पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ निघाले म्हणून. दुकानदाराने खोका बसविला, सरकारने त्याला दलाली दिली, मीटरने पल्स मोजले, गिऱ्हाइकाने पैसे दिले. त्यासाठी टेलिफोन खात्याला नवी इमारत बांधावी लागली नाही. पुढे मोबाइल आला आणि ते बूथ गेले. पण मधल्या वीस वर्षांत त्यांनी केलेले काम कोणत्याही मोठ्या केंद्राने केले नसते. विजेच्या वाहनांची आजची अवस्था तीच आहे. घरोघरी सोय होईपर्यंतच्या मधल्या काळासाठी नाक्यावरचा पॉइंट हवा आहे.

दुकानदाराला त्यात काय सुटेल, हा प्रश्न रास्त आहे. एका स्कूटरला तीन-साडेतीन युनिटे लागतात. युनिटमागे तीन रुपये सुटले तर गाडीमागे दहा. दिवसाला दोन गाड्या आल्या तर साडेतीन हजारांचा पॉइंट सहा महिन्यांत फिटतो. वायरिंग आणि मीटर यांचा खर्च धरला तर वर्ष लागेल. ही कमाई कोणाचे पोट भरणारी नाही, हे खरेच. परंतु बूथवाल्याचेही पोट केवळ बूथवर भरत नसे. गाडी लावून गेलेला माणूस ती न्यावयास परत येतो आणि जाताना चहापूड घेऊन जातो, याचे मोल दुकानदाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानदाराची अडचण वेगळी आहे. चार्जिंगसाठी राज्य वीज नियामक आयोगाने स्वतंत्र वर्गवारी २०१८ मध्येच केली, पण तिचा लाभ घ्यावयाचा तर स्वतंत्र जोडणी हवी. व्यापारी मीटरवरून पॉइंट चालविला तर वीज महाग. स्वतंत्र मीटर मागितला तर अर्ज, जागेचे कागद, घरमालकाची संमती. दोन गाड्यांसाठी एवढा खटाटोप कोण करील? राज्यात चार्जिंगच्या कामाची समन्वयक संस्था म्हणून महावितरणचीच नेमणूक झालेली आहे. तिने लहान पॉइंटसाठी एका पानाचा अर्ज ठेवला, तर त्याला नवे धोरण लागणार नाही, नवा कायदाही लागणार नाही.

निर्मळच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची जागा निर्मळमध्ये नाहीच. ती आहे नालासोपारा आणि वसई या स्टेशनांबाहेरच्या वाहनतळांत. या पट्ट्यातला नोकरदार सकाळी स्कूटर घेऊन स्टेशनावर जातो, ती पैसे भरून तळावर लावतो, गाडी पकडतो आणि संध्याकाळी परत येतो. दहा-अकरा तास त्याची स्कूटर एका जागी उभी असते. निर्मळहून स्टेशनापर्यंत जाऊन येण्यास रोज दहा किलोमीटर धरले तर आठवड्याला साठ किलोमीटर होतात. त्याला लागतात दोन ते अडीच युनिटे. म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी भरली तरी पुरते. तळावर शंभर विजेच्या स्कूटरी येत असतील, तर शंभर पॉइंटांची गरज नाही. वीस पुष्कळ झाले. जेव्हा जेव्हा हा विषय निघतो तेव्हा गाड्यांइतकी केंद्रे कोठून आणावयाची, असा धसका घेतला जातो. तो धसका अशा साध्या गुणाकार-भागाकाराने दूर होण्यासारखा आहे.

तळाचा आणखी एक फायदा विजेच्या बाजूने आहे. घरी आल्यावर सात-आठ वाजता सर्वांनी गाड्या लावल्या, तर दिवे, पंखे, टेलिव्हिजन यांच्याबरोबर त्या चालू होतात आणि विजेची मागणी जेव्हा सर्वांत जास्त असते तेव्हाच ती आणखी वाढवितात. सौरविजेचा पुरवठा जसजसा वाढत आहे, तसतशी दुपारची वीज मुबलक आणि संध्याकाळची वीज दुर्मिळ होत चालली आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती केली. सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीजदर नेहमीच्या दरापेक्षा निदान वीस टक्क्यांनी कमी असावा, असे तत्त्व त्यात आहे. मुंबईला कामावर गेलेल्या माणसाला ही दुपारची स्वस्त वीज घरी घेता येत नाही, कारण त्याची गाडी घरी नसते. ती स्टेशनावर उभी असते. दुपारची वीज आणि दुपारची गाडी यांची गाठ पडू शकते ती वाहनतळावर, आणि तेथे पॉइंट नाही तोवर सौर तासांची सवलत या वर्गापुरती कागदावरच राहील.

हे इतके सरळ असेल तर झाले का नाही, याचे उत्तर जमिनीच्या मालकीत शोधावे लागते. स्टेशनाला लागून असलेली जागा पश्चिम रेल्वेची, तिच्यापलीकडचा रस्ता महापालिकेचा, रस्त्यावरचा खांब महावितरणचा आणि तळाचा ठेका घेतलेला माणूस चौथाच. ठेकेदाराचा करार ठरावीक वर्षांचा. तो संपण्याच्या बेतात असताना वायरिंगवर पैसे घालण्याइतका तो उदार नसतो. करारात चार्जिंगचा शब्द नसला तर त्याने ते का करावे? लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर भागात २०२० मध्ये एका अख्ख्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांत चार्जिंगची सोय करण्यात आली, कारण तेथील जुन्या घरांनाही वाहनासाठी अंगण नाही. ते जमले, याचे एक कारण रस्ता आणि रस्त्यावरचा दिवा या दोहोंचा कारभार एकाच स्थानिक संस्थेकडे होता. वसई-विरारमध्येही पथदिव्यांची जबाबदारी महापालिकेकडे आहे. वाहनतळांचे नवे ठेके देताना दर पन्नास दुचाकींमागे दहा पॉइंट, अशी एक अट निविदेत घालणे तिच्या अधिकारात आहे, आणि रेल्वेने आपल्या जागेपुरते तसेच केले तर कोणाला दिल्लीला जावे लागणार नाही.

रिक्षांचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे आणि तो स्कूटरच्या मापाने सुटणार नाही. विजेच्या रिक्षेला २०१८ मध्ये केंद्र सरकारने परवान्यातून सूट दिली, तीत दिवसभराच्या धंद्यासाठी सात-आठ युनिटांची बॅटरी असते आणि ती रोज पुरी भरावी लागते. रोजाने रिक्षा चालविणाऱ्याला दुपारचे तीन तास उभे राहणे म्हणजे तीन तासांची मजुरी बुडविणे. सीएनजी पंपांपुढील रांगांत त्याचा वेळ जातोच. तोच वेळ चार्जिंगला द्यावा, हे उत्तर होत नाही. रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याची पद्धत यावर उपाय म्हणून सांगितली जाते. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध केला; परंतु प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळ्या मापाची असेल तर अदलाबदल कशाशी करावयाची, या जागी ते घोडे अडलेले आहे. तूर्तास रात्री रिक्षा जेथे उभ्या राहतात ते थांबेच विजेने जोडणे एवढाच व्यवहार्य मार्ग दिसतो, आणि त्यासाठी रिक्षा संघटनांनी पुढाकार घ्यावा लागेल. वसईला सहकाराची परंपरा आहे. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ पासून या भूमीत उभी आहे. रिक्षेसाठी कर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी थांब्यावरच्या चार पॉइंटांसाठी कर्ज देणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

पावसाचा विचारही टाळता येणार नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, लोहमार्ग बुडाला, मिठागरांतील लोकांना बाहेर काढावे लागले आणि वीजपुरवठाही विस्कळीत झाला. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात तालुक्याच्या अनेक भागांत वीज गेली होती. चार्जिंगची पेटी गुडघाभर उंचीवर बसविली तर पहिल्याच मोठ्या पावसात ती निकामी होईल. खाऱ्या वाऱ्याने तिचे लोखंड गंजेल. ती छातीच्या उंचीवर, छपराखाली आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या स्वयंचलित खटक्यासह असली पाहिजे. हे तपशील मुंबईच्या कार्यालयात बसून काढलेल्या निविदेत नसतात, म्हणून येथे सांगावयाचे.

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राचे नवे विद्युत वाहन धोरण अमलात आले. २०३० पर्यंतच्या काळासाठी त्यात सुमारे १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचा संकल्पही आहे. त्यातील सर्वांत गाजलेली सवलत पथकराची. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. सवलत चांगली आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षा यांना मुळात प्रवेशच नाही. ज्याच्याकडे मोटार आहे आणि बहुधा ती भरावयास अंगणही आहे, त्याला टोलमाफीमुळे एका फेरीत जेवढे रुपये वाचतात, तेवढ्यात नाक्यावरची स्कूटर आठ-दहा वेळा भरता आली असती. दोन्ही सवलती एकाच तिजोरीतून येतात आणि कोणती आधी द्यावी, याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो.

कार्तिक वद्य एकादशीला निर्मळच्या तळ्याकाठी यात्रा भरते. शंकराचार्यांच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा दुकाने लागतात, सुकेळी, मिठाई, खेळणी आणि भांडी यांची विक्री होते, पाळणे फिरतात, आणि त्या सर्वांना दिवे लागतात. यात्रांसाठी आणि उत्सवांसाठी तात्पुरती वीजजोडणी देण्याची महावितरणची पद्धत जुनी आहे. एका मोठ्या पाळण्याच्या मोटारीला जेवढी वीज लागते, तेवढ्यात दहा स्कूटरी सहज भरतील. यात्रा उठली की ती जोडणी काढून नेली जाते. त्याच जागी एक खांब, त्यावर छप्पर आणि चार पॉइंट कायमचे ठेवावयाचे ठरविले, तर महापालिकेने जागा द्यावी लागेल, महावितरणने मीटर द्यावा लागेल आणि कोणा दुकानदाराने अथवा संस्थेने तो चालवावयास घ्यावा लागेल. तिघांपैकी पहिला अर्ज कोणी करावयाचा, एवढे अजून ठरावयाचे आहे.